सात नंबरचे दार

मी एक जुने दार आहे. घराचे नव्हे आणि देवळाचेही नव्हे. मित्रांनो, कोपरजवळच्या खाडीकाठी भातशेतांना खाऱ्या पाण्यापासून वाचवणारा मातीचा लांबलचक बांध आहे, त्या बांधात मी होतो. बांधातून पाणी ये-जा करण्याच्या वाटेला इकडे उघाडी म्हणतात. मला कडी नव्हती, कुलूप नव्हते, तरी मी रोज न चुकता उघडत आणि मिटत असे. आज मी गोड बोलणार नाही. माझ्या फळ्याफळ्यांत राग भरला आहे, आणि तो कशाचा हे तुम्हांला कळलेच पाहिजे.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या हिवाळ्यात कल्याणच्या एका सुताराने मला घडवले. जाड सागवानी फळ्या आणि वर दोन लोखंडी बिजागऱ्या. गावाने घरोघरचे भात विकून खर्च उभा केला आणि बांधाच्या खाडीकडच्या तोंडावर मला वरून टांगले. माझे काम समजायला सोपे आहे. ओहोटीला खाडी उतरली की शेतातले पावसाचे पाणी आतून रेटा देते, मी उघडतो, पाणी बाहेर जाते. भरतीला खाडी चढली की तिचे पाणी बाहेरून रेटते आणि मी चौकटीवर घट्ट बसतो. भरती जितकी मोठी, तितका मी घट्ट. खाडीला खाडीच्याच जोराने अडवायचे! या युक्तीचा मला फार अभिमान होता.

मात्र फटीत अडकलेली फांदी मला स्वतःला काढता येत नसे, आणि खाऱ्या पाण्यातला लाकूड पोखरणारा किडा मला मारता येत नसे. त्यासाठी गावाचा रिवाज होता. पावसाळ्यापूर्वी मोठ्या ओहोटीचा दिवस धरून घरटी एक माणूस बांधावर येई. पुरुष चिखल लिंपत, बायका मला करंजाचे तेल चोळत. सगळ्यांत पुढे भागीरथी असे. तिचे शेत माझ्या अगदी पाठीशी होते आणि शेताच्या कडेला तिची गोड्या पाण्याची विहीर. नवरा वारल्यावर एवढेच तिचे उरले होते.

"पी रे बाबा, पी," ती तेल चोळताना म्हणे. "तू पिलास तं माझी पोरा जेवतीन."

मग बांध सरकारने ताब्यात घेतला. बांध सांभाळणाऱ्या खात्याचे गुर्जर साहेब आले, उंच, चष्मेवाले, बोलायला मऊ. त्यांनी माझ्या छातीवर डांबराने उघाडीचा नंबर म्हणून मोठा सात काढून घेतला आणि सांगितले, "आता हे सरकारी. यापुढे कुणी हात लावायचा नाही." भागीरथीचा दीर काळुराम याला त्यांनी पगारी राखणदार नेमले. सुरुवातीला सगळे नीट चालले. तेल खात्याकडून येई, फांद्या काळुराम काढी. पण गावाने आपला रिवाज सोडून दिला. त्या आकड्याचा लोकांनी असा धसका घेतला, जणू मला शिवले की हातात बेड्या पडतील. माझ्या रागात गावाचाही वाटा आहे, तो मी झाकणार नाही.

एका चैत्रात साहेब पुन्हा आले. या वेळी तेल आले नव्हते. काळुरामची नोकरी बंद झाल्याचे त्यांनी सांगितले. माझ्या खालच्या दोन फळ्या किड्याने पोखरल्या होत्या, त्या बदलण्याचेही काम रद्द झाले होते. भागीरथी शेतातून तरातरा बांधावर आली.

"बाई, तुम्ही समजून घ्या," साहेब म्हणाले. "सरकारवर कर्ज फार झालंय. सगळ्याच खात्यांना खर्च कमी करायचा हुकूम आहे. तुमच्या घरात कर्ज झालं तर तुम्हीसुद्धा हात आखडताच घ्याल ना?"

"घेईन ना सायब. जुना लुगडा नेसंन, सनाला गोड करनार नाय. पन कौल फुटला तं तो बसवीनच. घरान पाऊस घेऊन कोन पैसा वाचवतो?"

साहेबांनी चष्मा पुसला. "पुढल्या वर्षी बघू."

"बरा, तुमी देऊ नका. तेल माझा, हात माझे. मीच चोलतंय दाराला."

"छे, छे! सरकारी मालमत्ता आहे. उद्या काही मोडलं तर जबाबदार कोण?"

"म्हंजे तुमी करनार नाय, आनि मना करू देनार नाय?"

साहेबांनी छत्री उघडली आणि ते डोंबिवलीच्या वाटेला लागले.

मित्रांनो, साहेब खोटे बोलत नव्हते. कर्ज होते, आणि कर्ज फेडलेच पाहिजे हे मलाही पटते. पण कोणता खर्च कापायचा हे ठरवताना त्यांनी एवढेच पाहिले, की कोणता कापला तर आज कुणी ओरडणार नाही. त्याच साली त्यांच्या कचेरीला नवा रंग लागला. कचेरीच्या भिंती रोज साहेबांच्या डोळ्यांसमोर होत्या. मी चिखलात, पाण्याखाली, आणि किडा काही आवाज करीत नाही.

पाऊस सुरू झाल्यावर भागीरथीने काळुरामला गाठले. "भावजी, दाराकडं एक नजर टाक की."

"वयनी, मी आता सरकारी नाय," काळुराम बिडी विझवत म्हणाला. "सरकारी दाराला सरकारी हात पायजे."

"तुझी जीभ मातर अजून सरकारीच हाये. नुसती नाय म्हनते!"

काळुराम हसला, पण आला नाही. त्याचा नोकरी गेल्याचा रुसवा उतरला नव्हता.

भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, तिवराची एक जाड फांदी वाहत येऊन माझ्या फटीत अडकली. खाडी चढू लागली तरी मला मिटता येईना. भागीरथीने शेतातून पाहिले आणि ती हाका मारीत धावत आली. सरकारी आकडा, बेडी, दंड, कशाचाच विचार न करता तिने कमरभर पाण्यात उतरून ती फांदी ओढून काढली. मी धाडकन मिटलो. तेवढ्यापुरते मला वाटले, वाचलो! आणि मग ज्या रेट्याने मी घट्ट बसायचो, त्याच रेट्याने माझ्या त्या दोन फळ्या भुग्यासारख्या फुटल्या. पाणी चौकटीशेजारची माती खाऊ लागले. जुन्या रिवाजाप्रमाणे घरटी एक माणूस फावडे घेऊन धावला, काळुराम सगळ्यांच्या पुढे होता. पण बांधाला पडलेली खांड त्यांच्या डोळ्यांदेखत रुंदावत गेली. पोटरीला आलेल्या, लोंब्या धरू लागलेल्या भातात खारे पाणी शिरले. संध्याकाळपर्यंत ते भागीरथीच्या विहिरीत पोहोचले होते.

त्या वर्षी भात गेले. पुढची दोन वर्षे पेरलेले उगवलेच नाही. भागीरथीचा मोठा मुलगा शाळा सोडून मिठागरात मजुरीला गेला. गोड्या पाण्यासाठी तिला डोक्यावर हंडे घेऊन पार पलीकडच्या गावापर्यंत जावे लागे. मला लोकांनी ओढून तिच्या अंगणात टाकले.

अखेर सरकारने नवा बांध आणि सिमेंटची उघाडी मंजूर केली. कामाच्या आरंभाला मांडव पडला, केळीचे खांब, पताका, फुलांची कमान. माझ्या दोन फळ्यांना आणि तेलाला जेवढे लागले असते, तेवढे त्या एका कमानीला लागले असतील! मांडवात मेज नव्हते. म्हणून कुणीतरी मला चार दगडांवर आडवे ठेवले आणि वर पांढरी चादर टाकली. माझ्यावर हात टेकून गुर्जर साहेब बोलले. आता ते मोठ्या हुद्द्यावर होते. एवढी मोठी रक्कम देऊन सरकारने गावावर केवढी कृपा केली, ते त्यांनी खुलवून सांगितले. लोकांनी टाळ्याही वाजवल्या.

पाहुण्यांना बांधावरच्या पहिल्या घराने गूळपाणी द्यायचे, हाही गावाचा रिवाज. पहिले घर भागीरथीचे. तिने गुळाचा खडा आणि पितळी पेला साहेबांपुढे धरला. साहेबांनी मोठा घोट घेतला आणि त्यांचा चेहरा पिळवटला. थुंकायला जागा नव्हती. सगळा गाव बघत होता. त्यांनी तो घोट कसाबसा गिळला.

"हे... कुठलं पाणी?"

"माझ्या हिरीचा," भागीरथी म्हणाली. तिने चादरीचे टोक उचलून मागे टाकले. माझी भोके आणि त्यांच्या वरचा तो सात सगळ्यांना दिसला. "सायब, देशाचा कर्ज फिटला का?"

साहेबांनी पेला माझ्यावर ठेवला.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या त्या खुर्चीवर बसेल. काटकसर जरूर करा. कमानी वगळा, रंग थांबवा, मांडव उतरवा. पण जे दार चिखलात उभे राहून तुमची विहीर गोड ठेवते, त्याचे तेल बंद करू नका. आणि ते जर तुम्हांला झेपत नसेल, तर निदान ज्या बाईच्या हातात तेलाची वाटी आहे, तिचा हात अडवू नका. एवढेही जमणार नसेल, तर भागीरथीच्या अंगणात या. पेला भरलेलाच आहे.