खिशातला पिवळा खडा

उदय कर्णिकांनी ग्लासगोच्या एका शाळेत तीस वर्षं फिजिक्स-केमिस्ट्री शिकवलं. रिटायर झाल्यावर त्यांना एकच विद्यार्थिनी उरली, दहा वर्षांची नात ईशिता. त्यांची मुलगी सुनीती हॉस्पिटलात डॉक्टर. ती कामावर असली की आजोबा आणि नात गाडी काढून एअरशरच्या किनाऱ्यावर जात.

फेब्रुवारीतला तो दिवस वादळानंतरचा होता. वाळूवर शेवाळाचे ढीग येऊन पडले होते आणि माणूस औषधालाही नव्हतं.

"आजोबा, मी पाय ठेवते तिथे वाळू ड्राय का होतो?"

"होतो नाही, होते. तूच सांग, पाणी कुठे गेलं असेल?"

ती वाकून बघत राहिली. "खाली?"

"बरोबर. तुझ्या पायाच्या दाबाने कण सरकतात, मधल्या फटी मोठ्या होतात आणि वरचं पाणी त्यांत उतरतं."

तिने आणखी दहा-बारा पावलं टाकून खात्री करून घेतली. पुढे शेवाळात तिला एक खडा सापडला. सुपारीएवढा, मेणासारखा पिवळट.

"इज इट अंबर?"

उदयनी तो तळहातावर तोलला. अंबर म्हणजे झाडाचा दगड झालेला चीक, वजनाला हलका; त्या मानाने हा जरा जड वाटला. शिवाय या बाजूला अंबर सहसा मिळत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. पण पोरीचा चेहरा असा काही फुलला होता, की शंका त्यांनी गिळून टाकली.

"अंबर असेल तर लोकरीवर घासल्यावर कागदाचे कपटे उचलेल. बघू करून."

"आत्ता?"

"ओला आहे गं. आधी नीट कोरडा व्हायला हवा. खिशात ठेव, अंगाच्या उबेने वाळेल."

दोघं बाकावर बसली. त्यांनी थर्मासमधला चहा ओतला, तिने सँडविच उघडलं. अर्धं खाऊन झालं असेल नसेल, ती म्हणाली, "आजोबा, गरम लागतंय." तिच्या पँटच्या खिशातून पांढरा धूर येत होता. लसणीसारखा उग्र वास सुटला.

त्यांनी खिशात हात घातला. जे हाताला लागलं ते बोटांनाच चिकटलं आणि जळत राहिलं. तिला उचलून ते धावत पाण्यात शिरले. आग विझली. तिला वाळूवर आणून ते कोटात गुंडाळू लागले, तर मांडीवरून पुन्हा धूर निघाला.

तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. फॉस्फरस. पाण्यात बुडवून ठेवतात तो, हवा लागून कोरडा झाला की पेटणारा. शाळेत किती वर्षं मुलांकडून तोंडपाठ करून घेतलं होतं.

डाव्या हाताने ९९९ लावून त्यांनी जागा सांगितली आणि फोन वाळूवर टाकून तिला परत पाण्यात नेलं. ॲम्ब्युलन्स यायला पंचवीस मिनिटं लागली. तेवढा वेळ ते त्या बर्फासारख्या पाण्यात तिला मांडीवर घेऊन बसून होते. आधी ती किंचाळत होती. मग नुसते दात वाजत होते. मग तेही थांबलं आणि ते तिच्याशी बोलत राहिले, काय बोलले ते त्यांना नंतर आठवलं नाही.

नौदलाच्या लोकांनी येऊन किनारा बंद केला. दुसऱ्या महायुद्धानंतर उरलेला दारूगोळा इकडच्या समुद्रात बुडवलाय, वादळात त्यातलं काहीबाही वर येतं, असं त्यांचा अधिकारी म्हणाला. आणखी तीन खडे सापडले.

ईशिताच्या मांडीवर दोनदा कातडी लावावी लागली. उदयच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकेनाशी झाली. वॉर्डबाहेरच्या खुर्च्यांवर सुनीती त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"बाबा, तुम्हाला कळणं शक्यच नव्हतं ना?"

खोटं बोलायची संधी तिने आपणहून दिली होती.

"शंका आली होती. अंबरापेक्षा जड वाटला."

सुनीती उठून आत गेली.

दोन आठवड्यांनी ईशिता पलंगावर बसू लागली. उदय समोर होते, हात बँडेजमध्ये. फॉस्फरस का पेटतो ते ती विचारेल म्हणून त्यांनी मनात सोप्या शब्दांत जुळवून ठेवलं होतं. तिने ते विचारलंच नाही.

"खिशात ठेव असं तुम्ही का म्हणालात?"

"मला खात्री नव्हती. तरी म्हणालो. तू खूश झाली होतीस ना, ते मोडवेना."

तिने पांघरुणाचा काठ ओढून घेतला. "शुअर नव्हतात, तर सांगायचं."

"हो," उदय म्हणाले. "सांगायला हवं होतं."

मे महिन्यात ती आधाराशिवाय चालायला लागली. आजोबांच्या घरी यायला मात्र ऑगस्ट उजाडला. आली, जेवली, बराच वेळ टीव्ही बघत बसली. उदय बाजूच्या खुर्चीत होते. तिने काहीच विचारलं नाही आणि पाच वाजता सुनीती तिला घेऊन गेली.