जुलैतली शून्यं

नॉर्वेतल्या एका बेटावरच्या दवाखान्यात एलर्ट डॉक्टरांनी एकोणतीस वर्षं एकाच पुरळाची नोंद ठेवली. साधंच, गुलाबी पुरळ. आधी पोटावर एक चट्टा, आठवड्याने पाठभर ठिपके, दोन महिन्यांत आपोआप साफ. ते हिवाळ्यात येतं आणि उन्हाळ्यात नाहीसं होतं, हे त्यांना तीस वर्षांच्या आकड्यांनी दाखवायचं होतं. एक वर्ष उरलं असताना ते गेले. जाण्याआधी त्यांनी ते वर्ष मुलीकडून मागून घेतलं.

मुलगी, राग्नफ्रीदही डॉक्टरच. बर्गनच्या हॉस्पिटलने तिची जागा वर्षभर राखून ठेवली होती. ते वर्ष संपलं. बेटावरच्या दवाखान्याचा राजीनामा लिहून तयार होता. आता फक्त आकड्यांचा तक्ता वैद्यकीय मासिकाकडे पाठवायचा होता.

तो भरतानाच तिच्या लक्षात आलं. दर जुलैत शून्य. जुलैत अख्खा देश सुटीवर, दवाखान्याला कुलूप, पेशंट बोटीने पलीकडच्या डॉक्टरकडे. बाबांनी रकाना रिकामा न सोडता शून्य लिहिलं होतं. फक्त एका जुलैत नऊ. आई गेली ते वर्ष. तेव्हा बाबा सुटीवर कुठेच गेले नव्हते, रोज दवाखाना उघडत होते. इतके तर ऐन थंडीतल्या कुठल्याच फेब्रुवारीतही नव्हते.

तिने सोलफ्रीदला विचारलं, बाबांच्या हे लक्षात आलं नसेल का? सोलफ्रीद सुरुवातीपासून त्यांची मदतनीस.

"आलं असेल. त्या वर्षाबद्दल त्याच्यापाशी बोलायची सोय नव्हती, बाई."

"मग हे पाठवू कसं?"

"दे पाठवून. वाचणार चार जण, तेही खाजवत खाजवत."

राग्नफ्रीदला हसू आलं नाही. पाठवलं तर बाबांच्या नावावर खोटं जाणार. टाकून द्यावं, तर एकोणतीस वर्षं केरात. आणि एका जुलैवरून काहीच ठरत नाही; नऊ योगायोगानेही आले असतील. कुणीतरी दवाखाना उघडा ठेवून जुलै मोजायला हवेत.

"माझ्याकडे बघू नकोस," सोलफ्रीद म्हणाली. "जुलैत मी डोंगरातल्या केबिनवर असते, सुटीला."

दुपारी तिने बर्गनला फोन लावला. हॉस्पिटलच्या बाईंनी विचारलं, तुमची जागा राखून अजून किती थांबायचं?

"निदान चार वर्षं. चार जुलै मोजायचेत."

त्या हळूच म्हणाल्या, इतकं थांबता येणार नाही.

"माहीत आहे," राग्नफ्रीद म्हणाली, आणि तरी फोन कानालाच धरून बसली.