परतीला किती जण

प्रौढ: ४. मुलं: ०. तान्ही बाळं: ०.

शबानाने मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून पुन्हा वाचलं आणि जिन्याखाली सोडलेली पायताणं पुन्हा मोजली. एक टाचेला झिजलेली पुरुषी चप्पल, एक बाईची, एक तरण्या पोराचे बूट. तीन जोड.

चार लिहून तीन येणारे पाहुणे तिने आजवर पाहिले नव्हते. लोक उलटं करतात. दोन लिहितात आणि जिना चढायला लागले की संपतच नाहीत. उन्हाळ्यात असंच एक दोघांचं बुकिंग झालं आणि लग्नाचं अख्खं वऱ्हाड वर येऊन राहिलं. दुपारपर्यंत टाकी कोरडी, शेजाऱ्यांची ओरड, आणि ॲपवाल्यांची तंबी: पुन्हा आकडा चुकला तर तुमचं घर यादीतून काढू. तेव्हापासून वणीच्या त्या गल्लीत, तिच्या नवऱ्याच्या, युनूसच्या गॅरेजच्या डोक्यावरच्या दोन खोल्यांची किल्ली डोकी मोजल्याशिवाय कुणाला मिळत नसे.

"तू तर मेंढरं मोजल्यासारखी मोजते," युनूस म्हणायचा.

"मेंढरं खोटं नाई बोलत."

ती वर गेली. खाटेवर सदाशिवराव बसले होते, दिग्रसकडचे कास्तकार, ऐन कापूसवेचणीचे दिवस टाकून आलेले. विमलताई पिशवी उघडत होत्या. बुकिंग करणारा मुलगा, अक्षय, चार्जरसाठी प्लग शोधत होता.

"भाऊ, चौथं कोण?"

अक्षयने बापाकडे पाहिलं. सदाशिवरावांनी खिशातून रुमाल काढला, मांडीवर ठेवून त्याची गाठ सोडली. आत एक दगड होता. लिंबाएवढा, तांबूस, शेतातला.

"हा."

शबाना बघतच राहिली.

"तिघांनी कामाले निघू नये, बाई. तीन तिघाडा, काम बिघाडा. चौथा म्हणून खडा घ्या लागते."

"ते मले माहीत आहे, काका. पण बुकिंगमध्ये कोणी खडा लिहिते काय? याचं आधार कार्ड कुठून आणू मी?"

अक्षय फसकन हसला. विमलताईंनी तोंडाला पदर लावला. सदाशिवराव हसले नाहीत.

"होळीच्या वक्ताले असेच तिघं आलतो. हात हलवत परत गेलो. म्हणून या खेपेले पोराले सांगतलं, लिहिशीन तिथं चारच लिव." त्यांनी खडा खिडकीच्या कठड्यावर ठेवला. "अन् खोटं नाई ते. आज नाई तर उद्या, चारच होऊ. पोरीले घेऊन जाऊन राह्यलो. ती आली का खडा इथंच टाकून देऊ."

प्रौढ: ३. खडा: १.
असा रकाना ॲपवर नव्हता. शबानाने तीन आधार कार्डांचे फोटो काढले आणि किल्ली दिली.

संध्याकाळी ती पाण्याचा जग घेऊन वर आली तेव्हा विमलताई गॅलरीचा कठडा ओल्या फडक्याने पुसत होत्या. फडकं काळं झालं होतं.

"राहू द्या, काकू. कोळशाची धूळ आहे. तुम्ही इकडून पुसता अन् तिकडून बसते."

"सुरभीच्या घरी तर पोळ्यायवरही बसते म्हणे."

मग त्या सांगत गेल्या, हात न थांबवता. सुरभी राजूरला दिली. जावई कोळशाच्या ट्रकवर. पिला का मारते, अन् नाई पिला तर सासू मारायला लावते. दोनदा मध्यस्थ बसले. आता पोरीनेच फोन केला, की या, मले घेऊन जा, मी तयार आहे.

बोलता बोलता त्यांनी पिशवीतून स्वेटर काढला आणि त्याच्यासोबत एक फ्रॉक बाहेर पडला. पिवळा, तळहाताएवढा.

"हे कोणाचं?"

"नातीचं. नयनचं. आता उभी राह्यते धरून धरून, फोनवर दाखवते सुरभी."

शबानाच्या डोक्यात सवयीने बोटं मोजली गेली. "मग परतीला पाच ना, काकू?"

विमलताईंनी फ्रॉकची घडी घातली. पुन्हा उलगडली. पुन्हा घातली.

"चार," आतून सदाशिवराव म्हणाले.

"काका, मांडीवरचं लेकरू असलं तरी लिहा लागते. त्याचा वेगळा रकाना आहे."

"रकाना असन, बाई. लेकरू त्यायचं आहे. त्यायच्यापाशी राहीन."

"अन् सुरभी?"

"सुरभीचं वय काय आहे आता? दारव्ह्याचं एक स्थळ आहे, चांगलं. एकटी असन तर हाव म्हणून राह्यले. लेकरासकट बाई कोण करते, तुम्हीच सांगा."

"तिले माहीत आहे हे?"

खाली युनूस कसल्यातरी नटवर हातोडी मारत होता.

"घरी आल्यावर समजवू," सदाशिवराव म्हणाले. "माय आहे ना तिची."

विमलताई खाली मान घालून त्या फ्रॉकची घडी घालत होत्या. अक्षय फोनमध्ये काहीतरी बघत होता. काहीच बघत नव्हता. स्क्रीन काळी होती, ते शबानाला दाराशी उभ्या उभ्या दिसलं.

पाहुणे एखादं डोकं लपवतात ते घरमालकिणीपासून, पोटच्या पोरीपासून नाही, असं तिला आजवर वाटत होतं.

सकाळी तिघं राजूरला गेले. खडा सदाशिवरावांच्या खिशात गेला.

शबानाने खोली झाडली. चादरी बदलल्या. मग खाली येऊन तिने पेटी उघडली आणि तळातून रबरी चादर काढली, तिचा पोरगा आसिम तान्हा होता तेव्हाची. आसिम आता पुसदला कॉलेजात होता. चादर कडेला चिकट झाली होती. तिने ती धुतली, पुसली आणि वरच्या खाटेवर पायथ्याशी अंथरली. आल्या आल्या लेकराला कुठं टाकणार?

मग तिने मोबाईल घेतला. पाहुण्यांचा आकडा तिला परस्पर बदलता येत नव्हता. फक्त विचारता येत होतं.

बदलाची विनंती पाठवली.
प्रौढ: ४. मुलं: ०. तान्ही बाळं: १.

भाजी चिरून झाली. भात झाला. उत्तर नाही.

पोळ्या करायला लागली आणि ओट्यावर फोन वाजला.

विनंती मंजूर.

तिने पिठाच्याच हाताने फोन उचलून पुन्हा वाचलं. अक्षयने मंजूर केलं होतं. पाच. तिने तवा उतरवला, डोक्यावर ओढणी घेतली आणि चौकातून अर्धा लिटर दूध आणायला निघाली. दुकानदाराने विचारलं, आज जास्तीचं काहून? ती म्हणाली, पाहुणे वाढले.

परत आली तेव्हा त्यांची गाडी गॅरेजच्या जरा पुढे उभी होती. काचा वर, आतलं दिसत नव्हतं. शबाना दूध घेऊन तशीच जिना चढली. खोली रिकामी होती. पिशव्या नव्हत्या. रबरी चादरीवर सुरकुतीही नव्हती.

आणि खिडकीच्या कठड्यावर खडा होता.

रुमाल नव्हता. नुसता खडा.

आली! टाकून गेले खडा, म्हणजे पोरगी आली! तिच्या तोंडून 'या अल्लाह' निघून गेलं. दूध खाली ठेवून ती गॅलरीत धावली. घाईचे आहेत, न थांबताच निघाले, पण लेकरू तरी बघू.

गाडीचा दरवाजा तेवढ्यात उघडला होता. पुढे सदाशिवराव. मागे विमलताई, खिडकीला चिकटून बसलेल्या, शेजारची जागा हाताने झाकल्यासारखी. मांडीवर पिवळा फ्रॉक.

आणि जिन्यात पावलं. अक्षय किल्ली द्यायला आला होता.

तिने डोकी मोजली: एक, दोन, तीन.

"मी मंजूर केलतं, ताई."

"आलं मले."

"सुरभी अंगणातच उभी होती. पिशवी भरून. पोरगी कडेवर, टोपी-बिपी घालून. सासू काही बोलली नाई, ताई. कोणीच काही बोललं नाई." त्याने किल्ली कठड्यावर, खड्याच्या बाजूला ठेवली. "बाबानं गाडीचं दार उघडलं अन् म्हणे, लेकरू आत ठेवून ये."

"मग?"

"तिनं माह्याकडे पाह्यलं. मी मान खाली घातली." त्याने किल्ली उगाच सरळ केली. "मग ती हाव म्हणाली. ठेवून येतो म्हणाली. आत गेली."

अक्षयने बाहेर गाडीकडे पाहिलं.

"दार आतून लावलं तिनं. आईनं लई वाजवलं."

खाली हॉर्न वाजला. अक्षय उतरून गेला. गाडी सुरू झाली, तशी शबाना गॅलरीच्या कठड्यावरून वाकली.

"काकू! खडा राह्यला! तिघंच आहात, घेऊन जा!"

विमलताईंनी काच खाली केली. वर न पाहता म्हणाल्या, "राहू द्या, माय. आता बिघडाले काय राह्यलं?"

गाडी वळली. फोन थरथरला.

पाहुण्यांची संख्या बुकिंगप्रमाणे होती का?
हो. नाही.

शबानाने दोन्हीपैकी काही दाबलं नाही. रबरी चादर उचलली, तिची घडी घातली, खडा मुठीत घेतला. तळवा काळा झाला.

"गेले काय सगळे?" गॅरेजमधून युनूसने हाक दिली.

"नाई," ती म्हणाली. "राजूरले दोघी राह्यल्या."