कोऱ्या कार्डावरची निळी रेघ

मित्रांनो, मी एक जुना बॉलपेन आहे. एवढं नक्की. याच्या पुढचं काही विचारलंत की माझी पंचाईत होते. पेन म्हटलं की तुम्ही विचारणार, काय काय लिहिलंस? आणि गेली सहा वर्षं मी धड एक अक्षर लिहिलेलं नाही. तरीही घरात सगळ्यात जास्त राबतो तो मीच. हे कसं काय, ते मला स्वतःलाच उलगडलेलं नाही. तुम्हाला सांगता सांगता उलगडलं तर बघू.

माझं अंग पितळी. वर काळा रंग होता, तो आता बोटं टेकतात तिथून निघून गेलाय. जन्म कुठला ते आठवत नाही. पहिली आठवण आहे ती उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या लग्नपत्रिकांच्या दुकानाची. तिथे मी काउंटरला सुतळीने बांधलेला होतो. गिऱ्हाइकं यायची, नमुने चाळायची, मग मला उचलून नावं लिहायची. पत्रिकेत कोणत्या काकांचं नाव आधी आणि कोणत्या मामांचं नंतर, यावरून तिथल्या तिथे जुंपायची आणि खाडाखोड मात्र मला करावी लागायची. पण मान होता हो. "पेन एकदम मख्खन चालतो," असं दुकानाचे शेठ गिऱ्हाइकाला सांगायचे आणि मी फुगून जायचो.

मग एक दिवस माझी शाई संपली. त्याआधीही संपायची आणि शेठ रिफिल बदलायचे. या वेळी त्यांनी नवा प्लास्टिकचा पेन आणला आणि मला ड्रॉवरमध्ये टाकलं. टाचण्या, रबरबँड आणि मी. माझं काय चुकलं ते कुणी सांगितलं नाही.

तिथून मला विनिताने बाहेर काढलं. ती दुकानात पत्रिकांना घड्या घालायची. जाड कागद नुसता दुमडला तर घडीवर तडकतो, म्हणून आधी पट्टी लावून तिथे बोथट टोकाने दाबून रेघ ओढायची. त्याला क्रीज मारणं म्हणतात. विनिताने माझं कोरडं टोक कागदावर दाबून ओढलं, कागद दुमडला आणि घडी अशी सरळ बसली की ती स्वतःशीच म्हणाली, "हा बरा आहे."

मला काहीच कळेना. मी रेघ ओढली, पण ती दिसत नव्हती. आणि दिसत नव्हती म्हणूनच ती चांगली होती. लिहिता येत होतं तेव्हा ड्रॉवर, लिहिता येईना तर कौतुक. सांगा, अशाने कुणाचंही डोकं फिरेल की नाही?

पुढे लोक लग्नाची आमंत्रणं मोबाइलवरच पाठवायला लागले आणि दुकान बंद झालं. शेवटच्या दिवशी शेठनी उरलेले जाड कागद विनिताला बांधून दिले. मला तिच्या हातात बघून म्हणाले, "ले जा बेटा, ये भी ले जा. चलता तो है नहीं." चालत नाही म्हणे. वाईट वाटायला हवं होतं, पण मी घरी चाललो होतो.

घर अंबरनाथला, शिवमंदिराच्या बाजूला. तिथे विनिता आता कार्डं करते. वाढदिवसाची, बारशाची, निरोपाची. साधं दिसणारं कार्ड उघडलं की आतून केक उभा राहतो, पाळणा उभा राहतो, एकदा तर कुणासाठी आख्खा डोसा तव्यासकट उभा राहिला होता. या सगळ्याच्या घड्या माझ्या. क्रीज मारताना विनिता माझ्याकडे बघत नाही. तिची नजर पट्टीच्या पलीकडच्या खुणेवर असते, कारण पट्टी केसभर सरकली तर उभं राहणारं चित्र वाकडं होतं. तिला माझं वजन बोटांनाच कळतं. घरात नियम आहे की या पेनाला कुणी हात लावायचा नाही. दहा वर्षांची मैत्रेयी, तिची मुलगी, तीसुद्धा लावत नाही.

आता हरिचंद्रबाबांबद्दल सांगतो. ते विनिताचे सासरे. अंबरनाथच्याच एका कारखान्यात त्यांनी स्टोअरकीपर म्हणून जन्म काढला. खिशाला पेन नसेल तर त्यांना अंगात शर्ट नसल्यासारखं वाटतं. माणूस प्रेमळ, पण स्वतःची चूक कबूल करण्याची बात नाही. दूध उतू गेलं तर गॅस खराब, चष्मा हरवला तर कुणीतरी हलवला. मला बघितलं की ते तोंड वाकडं करायचे. "न लिहिणारा पेन कशाला ठेवायचा?" 

दिवाळीच्या चार दिवस आधी ते विनिताजवळ येऊन बसले. बराच वेळ नुसते कागदाची कात्रणं गोळा करत राहिले. मग म्हणाले, "विनिता, भाऊबीजेला एक कार्ड करशील? बायसाठी."

बाय म्हणजे गोदूबाई, त्यांची थोरली बहीण. बदलापूरच्या पुढे गावात राहते. नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. का नव्हतं, ते त्या दुपारी मला पहिल्यांदा कळलं. वडिलांची जमीन विकायची होती, तेव्हा बाबांनी बहिणीपुढे एक कागद ठेवला. गोदूबाई शाळेत गेलेली नाही. वारसांची नावं लावायचा कागद आहे, असं बाबा म्हणाले आणि तिने अंगठा दिला. तो निघाला हक्कसोडीचा कागद. जमिनीवर आता इमारत आहे. "हरीच्या हातचा लिवलेला कागुद पुन्यांदा माझे दारात नको," असं तिने निरोप्याला सांगितलं होतं. नंतर पाठवलेली साडी परत आली, बाबांच्या धाकट्या मुलाच्या लग्नाची पत्रिका न उघडता परत आली.

"म्हणून म्हटलं," बाबा म्हणाले, "तुझ्या कार्डात अक्षर नसतं."

"एकही नाही घालणार," विनिता म्हणाली. "शाईचा ठिपकासुद्धा नाही. काय उभं करू आत?"

बाबा म्हणाले, "राखणीचा माळा." भाताच्या शेतात पाखरं हाकायला चार खांबांवर बांधतात ते मचाण. त्यावर गोदूबाई गोफण घेऊन दिवसभर बसायची, म्हणून तिच्या धाकट्या भावाला शाळेत जाता यायचं.

तीन दिवस आम्ही माळा केला. चार खांब, शिडी, वर गवताचं छप्पर, गोफण फिरवणारी मुलगी, खाली दप्तर घेतलेला मुलगा. सगळं पांढऱ्यावर पांढरं. शेठच्या कागदांतला एकच मोठा, जाड कागद उरला होता. तो विनिताने कार्डाच्या अंगासाठी राखून ठेवला. भाऊबीजेच्या सकाळी त्याला मधोमध एक क्रीज मारायची, माळा चिकटवायचा आणि निघायचं, असं ठरलं.

आदल्या संध्याकाळी घरात कुणी नव्हतं. बाबा टेबलाशी आले, माळा निरखून बघितला आणि सवयीने मला उचललं. अक्षर नको असं स्वतःच सुचवलं होतं, तरी मागच्या बाजूला एक ओळ लिहावी असं त्यांच्या मनात आलं असणार. मला वर्तमानपत्रावर ओढून पाहिलं. मी कोरडा. मग ते मला घेऊन गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानात गेले आणि माझ्या पोटात नवीन रिफिल घातली. मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. घरी येऊन त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला स्वतःची सही केली आणि ती दिसली. सहा वर्षांनी माझं काहीतरी दिसलं. मग ते कार्डाजवळ बसले, पण काय लिहावं ते त्यांना सुचेना, किंवा धीर होईना. मला जागेवर ठेवून ते उठून गेले.

सकाळी विनिताने कागद पसरला, पट्टी ठेवली, नजर पलीकडच्या खुणेवर लावली आणि मला एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं.

पट्टी उचलली तेव्हा पांढऱ्या कागदाच्या मधोमध निळी रेघ होती. ठळक, सरळ, एक नंबर. मी क्षणभर शाबासकीची वाट बघत राहिलो. इतका मी गाढव.

विनिताचा चेहरा उतरला. तिने ब्लेडच्या कोपऱ्याने थोडी रेघ खरवडून पाहिली. कागदाला लव सुटली, शाई तशीच. दुसरा कागद नव्हता आणि सणाच्या दिवशी तसा मिळणारही नव्हता. "मैत्रेयी, पेनला हात कुणी लावला?" तिने इतक्या मोठ्याने विचारलं की पोरीच्या हातातली करंजी खाली पडली.

"मी नाही लावला, मम्मी."

"मग रिफिल काय आपोआप आली?"

मैत्रेयी रडायला लागली. बाबा दारात उभे होते. मला वाटलं, आता ते नेहमीसारखं म्हणतील, कुणीतरी घातली असेल. मी ओरडून सांगावं म्हटलं, पण मी लिहूनच बोलू शकतो आणि माझ्या लिहिण्यानेच तर हा घोळ झाला होता.

"तिला बोलू नकोस," बाबा म्हणाले. "रिफिल मी घातली. मला विचारायला हवं होतं."

विनिता त्यांच्याकडे बघतच राहिली. लग्न होऊन बारा वर्षं झाली होती, असलं वाक्य तिने त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बसा बाबा. याच कागदावर चिकटवू." बाबांनी मला आपल्या खिशाला लावलं. बहुतेक माझ्यापासून आता कार्डाला धोका होता.

रिक्षाने आम्ही गेलो. गोदूबाई अंगणात बसली होती. हिरवं लुगडं, हात कामाने काळे पडलेले. भावाला बघून ती उठली नाही. बाबांनी कार्ड पुढे केलं.

"कागुद घेऊन आयलास नं परत," ती म्हणाली. "माना नको."

"आत्या, यात अक्षर नाही," विनिता म्हणाली. "एकदा उघडून तर बघा."

तिने उघडलं. माळा उभा राहिला, शिडी ताठ झाली. गोदूबाईने कार्ड मिटलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं, पुन्हा उघडलं. गोफणीच्या पोरीला तिने बोटाच्या टोकाने हात लावला. मग तेच बोट मधल्या निळ्या रेघेवर येऊन थांबलं आणि तिचा आवाज बदलला.

"आनी ह्ये काय लिवलंय?"

"काही लिहिलेलं नाही, बाय. नुसती रेघ आहे. न विचारता पेनात रिफिल घातली मी, म्हणून उमटली. माझी चूक."

गोदूबाई त्यांच्याकडे बघत होती. "आनी तो कागुद?"

बाबांचा हात सवयीने खिशाकडे आला आणि मला नुसतं चाचपून खाली गेला. 

"तीही माझीच चूक. त्यात काय लिहिलंय ते मला माहीत होतं. तुला मी खोटं सांगितलं."

"मंग आता वाच."

"कागद इथे नाही, बाय."

"तुना पाठ असंल."

पाठ होता. अंगणात उभं राहून त्यांनी तो म्हणायला सुरुवात केली. मी, गोदूबाई, वडिलांच्या जमिनीतला माझा सर्व हक्क, स्वखुशीने. तिथे ते अडकले.

"म्हंजे काय?" तिने विचारलं.

"आपल्या मर्जीने. खुशीने."

"माना कोनी इचारलं व्हतं?"

"नाही. कुणीच नाही."

"पुढं बोल."

त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं. अंगठ्याच्या जागेपर्यंत. मग डोळ्यांना रुमाल लावला.  कार्ड गोदूबाईने मांडीवर उघडंच ठेवलं होतं. शेवटी ती विनिताला म्हणाली, "आत तबक हाय, घेऊन ये. ह्याला पाट दे. जेवायचं मंग बगू."

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या पोटात शाई भरलेली होती आणि माझी कुणालाच गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी विनिताने नवी रिफिल काढून जुनी कोरडी परत घातली आणि मी पुन्हा न दिसणाऱ्या रेघा ओढू लागलो. मी लिहायचा पेन आहे की न लिहायचा, ते मला आजही कळत नाही. तुम्हाला एवढंच सांगणं आहे. दुसऱ्याच्या कामाची वस्तू उघडायच्या आधी त्याला विचारा. आणि मोठे झालात, कुणाचा अंगठा कागदावर टेकवायची वेळ आली, तर आधी तो कागद त्याला मोठ्याने वाचून दाखवा. नऊ वर्षं त्या घरात भाऊबीज झाली नव्हती. आणि तो अख्खा कागद म्हणून दाखवायला हरिचंद्रबाबांना दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.