इन्क्युबेटरची पूजा

निरंजनचं आतडं आमच्या लॅबमध्ये वाढत होतं आणि त्याचे वडील उद्धवराव त्याच लॅबची देखभाल करत होते. योगायोग वगैरे काही नाही. चाकणला तीस वर्षं प्रेस मशीन चालवून निवृत्त झालेला हा मोशीचा माणूस आमच्याकडे कामाला लागला, एकदा मुलाचं दुखणं बोलून गेला आणि आमच्या लॅबप्रमुख मॅडमनी नमुना मागून घेतला.

दुखणं मोठ्या आतड्याचं. सूज, जखमा, दिवसातून वीसदा रक्त. एकोणतीस वर्षांचा पोरगा चाळीस किलोवर आला होता. तीन औषधं वाया गेली, दोन उरली. सर्जननी पंधरा दिवस दिले होते. तेवढ्यात लागू पडणारं औषध कळलं तर ठीक, नाहीतर मोठं आतडं काढून पोटाला कायमची पिशवी.

म्हणून आम्ही त्याच्या आतड्याच्या पेशींपासून खसखशीएवढे गोळे वाढवले. सूज आणणारं रसायन घातलं की ते आक्रसायचे. मग एका थाळीत एक औषध, दुसरीत दुसरं, आणि दोन्ही थाळ्या इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे अंगाएवढी ऊब देणाऱ्या कपाटात. कोणतं औषध त्यांना वाचवतंय ते शनिवारी कळणार होतं. उद्धवराव सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणाले, "ह्ये समदं माज्या पोराचं हाय?"

"तुमच्याच पोराचं, काका. आता दृष्ट लावू नका."

ते हसले. त्या महिन्यात मी त्यांना तेवढंच हसताना पाहिलं.

खंडेनवमीला त्यांनी यंत्रांची पूजा करू का म्हणून विचारलं. मॅडम दिल्लीला होत्या. मी म्हटलं, "करा की. पण पाणी शिंपडायचं नाही, उदबत्ती बाहेरच ओवाळायची, आणि दार उघडून आत कुंकू तर अजिबात नाही." एवढं शहाणपण शिकवून मी काळेवाडीला अब्बांच्या गॅरेजवर गेले, कारण पूजा तिथेही होती. अब्बा दर वर्षी कॉम्प्रेसर बंद करतात, मग त्याला हार घालतात. लहानपणापासून बघत आले आहे. तरी माझ्या तोंडून ते एक वाक्य निघालं नाही: काका, हे मशीन बंद करायचं नाही.

दसऱ्याला सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तर इन्क्युबेटरवर झेंडूचा हार, दाराला पाच बोटं कुंकवाची, आणि प्लग काढून वायरीची व्यवस्थित गुंडाळी. आमच्या जुन्या यंत्राचा अलार्मही विजेवरच वाजतो. थाळ्यांतलं पेशींना पोसणारं लाल पाणी जांभळं झालं होतं. दोन्ही थाळ्यांतले गोळे काळे पडून फुटले होते. गोठवून ठेवलेला नमुना नंतर वितळवून पाहिला, तोही उठला नाही. नवा तुकडा काढायचा तर दुर्बिणीने आतडं फाटेल, असं डॉक्टर म्हणाले.

त्या सकाळी थाळ्या माझ्या हातात असतानाच उद्धवराव आपट्याची पानं घेऊन आले. मी खोटं बोलले. "काका, कधीकधी पेशी आपोआप मरतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. प्लगकडे पाहिलं.

"हार घालायच्या आधी मेन काढायचा," ते हळू म्हणाले. "दोन दिस मशीनला इश्रांती, मग नारळ फोडून चालू. आमी तीस वर्सं ह्येच केलं. ह्ये मशीन चालूच लागतं व्हय?"

"चूक माझी आहे. मी सांगायला हवं होतं."

"न्हाई पोरी. हात माजा व्हता."

ऑपरेशन ठरल्या तारखेला झालं. दोन्हींपैकी एखादं औषध लागू पडलं असतं का, ते आता कधीच कळणार नाही, आणि हेच मला खातं.

आठवड्याने उद्धवराव कामावर आले. नेहमीसारखी फरशी पुसली, बादली ठेवली आणि माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"निरंजनला सांगितलं म्या. समदं."

"काय म्हणाला?"

"म्हनला, बरं झालं बाबा. वाट बगून लई थकलो व्हतो." त्यांनी बादली पुन्हा उचलली. "त्यानं शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं, बिल्किस."