तिसरा बोल्ट

गोपाळकृष्ण खांबेट्यांची सगळी नोकरी मोजमापं तपासण्यात गेली. पिंपरीकडच्या एका कारखान्यात बाहेरून आलेला प्रत्येक गेज, प्रत्येक थर्मामीटर त्यांच्या टेबलावरून जायचा, आणि खांबेटे तो आधी खोटा धरायचे, मग खरा ठरवायचे. निवृत्तीनंतर गेज उरले नाहीत, पण सवय उरली. दूधवाला, वीजमीटर वाचणारा माणूस, कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी, सगळे त्या टेबलावरून जात.

अशा माणसाच्या गाडीतलं कूलंट, इंजिन गार ठेवणारं पाणी, एप्रिलपासून कमी व्हायला लागलं. दर आठवड्याला दोन बोटं. खाली फरशी कोरडी ठणठणीत. खांबेट्यांनी बोनेटखालच्या डब्यावर मार्करनं रेघ मारली आणि रात्रपाळीच्या वॉचमनला, पहाटे येणाऱ्या गाडीपुसणाऱ्याला आळीपाळीनं खोदून विचारलं. कूलंट चोरून कोणी काय करणार, असं त्यांची बायको सुहासिनी म्हणाली. "ते चोरणाऱ्याला विचार," ते म्हणाले.

मे महिन्यात चांदणी चौकाच्या चढावर तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला. गाडी कडेला घेऊन, इंजिन निवू देऊन ते कसेबसे बावधनच्या रस्त्यावर सर्जेरावच्या गॅरेजपर्यंत पोचले. सर्जेराव तिथलाच. वडिलांच्या जमिनीवर आता बारा मजली इमारती उभ्या होत्या आणि रस्त्याकडेला उरलेल्या तुकड्यावर त्यानं पत्र्याचं गॅरेज टाकलं होतं. खांबेट्यांची गाडी सहा वर्षं त्याच्याकडेच जात होती.

सर्जेरावनं बोनेट उचललं, इंजिनाच्या मागच्या अंगाला एकदा बोट फिरवलं आणि म्हणाला, "थर्मोस्टॅटचं हाउसिंग झिरपतंय, साहेब. थेंब पडतो आन् इंजिनाच्या आचेनं तिथंच वाळतो. म्हनून खाली काय दिसत नाय. ठेवून जावा, बदलून देतो."

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप. ती ज्या प्लॅस्टिकच्या खोक्यात बसते ते हाउसिंग. एवढं खांबेट्यांना ठाऊक होतं. त्यांना खटकलं ते वेगळंच. बोनेट उघडून मिनिटही झालं नव्हतं. ना टॉर्च, ना आरसा, ना प्रेशर लावून बघणं. बोट थेट त्या जागी गेलं. दोष कुठे आहे हे ज्याला आधीच माहीत असतं त्याचंच बोट असं जातं.

"बघतो," एवढंच बोलून ते गाडी घेऊन घरी आले. दुसऱ्या दिवशी नाना पेठेत जाऊन त्यांनी हाउसिंग, नवा थर्मोस्टॅट, रबरी रिंग आणि कूलंटचा डबा आणला. काम घरीच करायचं ठरलं.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?" सुहासिनी म्हणाली. जानेवारीत त्यांची बायपास झाली होती.

"जड उचलू नका म्हणून सांगितलंय. दहा नंबरचा पाना जड नसतो."

रविवारी सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, पार्किंगमध्ये काम सुरू झालं. सुहासिनीच्या हातात टॉर्च. खांबेट्यांनी खाली कपड्यांचा टब सरकवला, रेडिएटरचं बूच काढून पाणी उतरवलं. मग पकडीनं क्लिप दाबून जाड होजपाइप पिळत पिळत सोडवला. हाउसिंग आता समोर होतं. कडेनं हिरवट पांढरी पुटं चढलेली. म्हणजे झिरपत होतं ते खरंच.

"उजेड जरा डावीकडे," ते म्हणाले, आणि थांबले.

हाउसिंग तीन बोल्टांनी बसवलेलं होतं. दोन बोल्ट काळसर, कंपनीचे. तिसरा पांढरा, चकचकीत, त्याचं डोकंही दहाऐवजी बारा नंबरचं. आणि सांध्यातून लाल सिलिकॉन बाहेर आलेलं, टूथपेस्टसारखं. कंपनी असलं काही लावत नाही. खांबेट्यांनी गाडी नवी घेतली होती आणि कूलिंगच्या कामाला ती त्यांच्या माहितीत कधीच उघडली गेली नव्हती.

"हे कुणीतरी आधी उघडलंय."

सुहासिनीच्या हातातला उजेड बोल्टावरून ढळून बॅटरीवर गेला.

त्यांनी तिन्ही बोल्ट काढले. हाउसिंग बाहेर आलं तेव्हा शंकाच उरली नाही. त्यावरचा नंबर कुठल्यातरी जुन्या मॉडेलचा होता आणि कड कानशीनं घासून बसती केलेली होती. दुसऱ्या गाडीचं मढं आपल्या गाडीत.

"मी दूध बघून येते," सुहासिनी म्हणाली आणि टॉर्च त्यांच्या हातात देऊन वर गेली.

खांबेटे टबाशेजारी बसून राहिले. कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांना महिनाभर वाटत होतं. आता ते कुठे मुरतंय ते दिसू लागलं. ते उठले आणि गाडीच्या कप्प्यातली वही काढली. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की ते मीटरचा आकडा लिहीत. नऊ जानेवारी, एक्केचाळीस हजार दोनशे सहा. दहा तारखेला ते हॉस्पिटलात दाखल झाले. मार्चमध्ये पुन्हा गाडीत बसले तेव्हा एक्केचाळीस हजार सहाशे अठरा. मधले चारशे बारा किलोमीटर. तेव्हा त्यांनी सुहासिनीला विचारलं होतं. ती म्हणाली होती, "सर्व्हिसिंगला दिली होती ना सर्जेरावांकडे." छातीत टाके होते, म्हणून त्या वेळी त्यांनी तो आकडा गिळला होता.

सर्व्हिसिंगला चारशे बारा किलोमीटर लागत नाहीत. सर्जेरावच्या पाव्हण्यांच्या लग्नाला लागतात.

स्कूटर काढून ते तसेच, हाताला काळं असतानाच, बावधनला गेले. रविवार असूनही सर्जेराव गॅरेजात होता, एका जीपखाली. खांबेट्यांनी जुनं हाउसिंग त्याच्या स्टुलावर ठेवलं.

"हे तुमचं काम?"

सर्जेराव बाहेर आला, फडक्याला हात पुसले. हाउसिंगकडे पाहिलं. "माझंच."

"कधी केलंत?"

"जानेवारीत."

"मी हॉस्पिटलात असताना. आणि गाडी चारशे बारा किलोमीटर पळाली. कोणी पळवली?"

"मी नाय चालवली, साहेब."

"मग तुमच्या पोरांनी?"

"गॅरेजातल्या कुणीबी नाय." सर्जेराव त्यांच्या नजरेला नजर देऊन बोलत होता, पण शब्द मोजून. "गाडी चालली, हे खरं. हाउसिंग फुटलं, मी दुसरं बसवलं, हेबी खरं. बाकीचं मला इचारू नका."

"का? विचारलं तर अडचण होईल?"

"माझी नाय व्हायची," सर्जेराव म्हणाला आणि पुन्हा जीपखाली गेला.

याला कबुलीजबाब नाही म्हणायचं तर कशाला, असं खांबेट्यांना वाटलं. घरी परतल्यावर त्यांनी पार्किंगमध्येच चष्मा पुसून फोन काढला. सोसायटीच्या ग्रुपवर चौऱ्याऐंशी घरं होती आणि त्यातल्या वीसेक गाड्या तरी सर्जेरावकडे जात. खांबेट्यांनी शुद्ध मराठीत, विरामचिन्हांसह लिहिलं. बावधनच्या सदर गॅरेजात ग्राहकाच्या गाड्या परस्पर वापरल्या जातात व त्यात भंगारातील भाग बसवले जातात, असा स्वानुभव आहे. सभासदांनी आपापला निर्णय घ्यावा. खाली बोल्टाचा फोटो. पाठवून दिलं.

लगेच दोन अंगठे आले. तिसऱ्या मजल्यावरच्या माधव गद्र्यांनी लिहिलं, 'बरं झालं सांगितलंत, उद्याचं सर्व्हिसिंग रद्द करतो.' खांबेट्यांना कितीतरी महिन्यांनी पुन्हा टेबलापाशी बसल्यासारखं वाटलं.

नवा थर्मोस्टॅट तपासल्याशिवाय बसवणं त्यांना शक्य नव्हतं. ते वर आले, पातेल्यात पाणी ठेवलं, दोऱ्याला बांधून थर्मोस्टॅट आत सोडला आणि जुना, पारा असलेला थर्मामीटर हातात धरला. ब्याऐंशी अंशांना झडप उघडायला हवी, तसं त्यावर कोरलेलं होतं.

सुहासिनी ओट्यापाशी उभी होती. तिच्या हातात तिचा फोन होता.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. का?"

"काढून टाका."

"का काढू? त्यानं कबूल केलंय."

"काय कबूल केलं? गाडी त्यानं चालवली असं?"

"ते नाही केलं. करणारही नाही."

"नाहीच करणार. गाडी मी चालवली."

खांबेट्यांनी थर्मामीटरवरून नजर काढली नाही. अडुसष्ट अंश. "तू?"

"तुम्हाला दाखल केलं त्या दिवशी तुम्हाला अँब्युलन्सनं नेलं. दुसऱ्या दिवसापासून एकोणीस दिवस रोज नदीपलीकडे जायचं, यायचं. डबा, कपडे, रिपोर्ट. पहिल्या दिवशी रिक्षा मिळायला पाऊण तास गेला. मग मी किल्ली घेतली."

"तुला येते कुठे? पौड रोडला भाजीची गाडी उडवलीस तेव्हाच मी म्हटलं होतं..."

"तुझा पिंड नाही म्हणालात. माझ्या भावासमोर. अठ्ठ्याण्णव साली." ती हे अगदी शांतपणे बोलत होती, जणू वहीतलं वाचून दाखवतेय. "पुढच्या वर्षी मी कर्वे रोडला क्लास लावला. तुम्ही कारखान्यात असायचात तेव्हा. लायसन्स आहे माझ्याकडे. दोनदा नवं करून घेतलंय."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही तपासलं असतंत."

पाणी उकळी धरायला लागलं. थर्मोस्टॅटची झडप केव्हाच उघडली होती. किती अंशांना, ते बघायचं राहून गेलं.

"बाराव्या दिवशी नळ स्टॉपला वाफ यायला लागली," ती म्हणाली. "मी सर्जेरावांना फोन केला. ते स्कूटरवरून आले. हाउसिंगला तडा गेला होता, एक बोल्ट आतच तुटला. नवं यायला दोन दिवस लागणार होते. मला दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या डॉक्टरांना भेटायचं होतं. मी म्हटलं, काहीही बसवा, पण आज चालू करून द्या. ते म्हणाले, वैनी, हे महिनाभराचं काम आहे, लगेच बदलून घ्या. मग तुम्ही घरी आलात. गाडी त्यांच्याकडे नेली असती तर तुम्ही विचारलं असतंत कशाला. म्हणून नेली नाही. साहेबांना सांगू नका, हे त्यांना मीच सांगितलं होतं."

"आणि सर्व्हिसिंगला दिली होती, हे?"

"खोटं बोलले. ते माझं चुकलं. ते सर्जेरावांच्या अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं."

खांबेट्यांनी गॅस बंद केला. एकोणीस दिवस ती केस नीट विंचरून पलंगाशेजारी बसायची आणि रिक्षावाल्यांच्या तक्रारी सांगायची, ते सगळं त्यांना आठवत होतं. त्यांनी त्या रिक्षावाल्यांवरही संशय घेतला होता, जास्त पैसे घेतात म्हणून. आता रिक्षावालेच नव्हते. त्यांना राग आला होता, पण तो कुठे ठेवावा ते कळेना.

"अजून काय काय आहे?" त्यांनी विचारलं.

"आहे थोडं," सुहासिनी म्हणाली. "आधी ते काढा."

त्यांनी मजकूर पुसला. पण पुसलेली जागा ग्रुपवर दिसतेच, आणि तोपर्यंत साठजणांनी वाचलं होतं.

"नुसतं पुसून भागणार नाही," ती म्हणाली. "लिहा. माझं नाव घालून लिहा."

खांबेटे बराच वेळ टाइप करत होते. शेवटी गेलं ते एवढंच: 'सकाळचा माझा मजकूर चुकीचा होता. गाडी माझी पत्नी सौ. सुहासिनी हिने चालवली होती. गॅरेजवाल्यांनी अडचणीत मदत केली. मी चौकशी न करता लिहिलं, त्याबद्दल क्षमस्व.' यावर एकही अंगठा आला नाही.

दुपारी त्यांनी काम पुरं केलं. बसण्याची जागा प्लॅस्टिकच्या पट्टीनं खरवडून स्वच्छ केली, थर्मोस्टॅटची स्प्रिंग इंजिनाच्या बाजूला ठेवली, नवी रिंग लावली, तिन्ही बोल्ट थोडे थोडे आळीपाळीनं आवळले. कूलंट भरलं. मग आत अडकलेली हवा काढायची होती. हीटर पूर्ण लावून इंजिन चालू ठेवायचं आणि झाकणातून बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहायचं. किल्ली फिरवायला आत कोणीतरी बसायला हवं होतं. सुहासिनी बसली. न विचारता तिनं सीट पुढे ओढली, आरसा खाली केला. तिचे हात सगळं सवयीनं शोधत होते. खांबेटे बोनेटआडून बघत होते. पंखा सुरू झाला, काटा मधोमध थांबला.

"चला," ती म्हणाली. "बसा."

बावधनपर्यंत ते डाव्या सीटवर गुडघ्यावर हात ठेवून बसले. दोनदा त्यांचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला गेला. एका ट्रकला तिनं वाट दिली, तिथे त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं चालवलं चांगलं. त्यांच्यापेक्षा जरा वेगानं.

सर्जेरावनं सुहासिनीला चालकाच्या सीटवरून उतरताना पाहिलं आणि जे समजायचं ते समजला. त्याला सकाळचा मजकूर कुणीतरी दाखवला होता.

"सर्जेराव, माझी चूक झाली," खांबेटे म्हणाले. हे वाक्य त्यांनी येताना मनात तीनदा म्हणून पाहिलं होतं. "मी ग्रुपवर तसं लिहिलंय."

"वाचलं." सर्जेरावनं बोनेट उघडायची खूण केली. नव्या सांध्यावर बोट फिरवलं, वास घेतला, तिन्ही बोल्ट पान्यानं हलकेच तपासले. "चांगलं बसवलंय."

"तुम्ही मला तेव्हाच सांगायला हवं होतं."

"वैनीनं सांगू नका म्हनलं. तुमी इचारलं तवा मी खोटं बोललो का?"

"नाही."

"गद्रे साहेबांनी उद्याची गाडी रद्द केली. आनखी एकाचा फोन आला," सर्जेराव म्हणाला. "तुमचं दुसरं वाचल्यावर त्यांचा फोन नाय आला."

"मी त्यांच्या घरी जाऊन सांगतो," खांबेटे म्हणाले.

"जावा," सर्जेराव म्हणाला. त्यानं बोनेट खाली सोडलं आणि सुहासिनीकडे वळून विचारलं, "वैनी, चहा घेनार?" खांबेट्यांना त्यानं विचारलं नाही. पण पोऱ्याला हाक मारताना तीन बोटं वर केली.