दोन विळ्यांची शपथ

लोहाऱ्याच्या बाजारात कुणी महारुद्र शिंप्याला चीन कुठं आहे असं विचारलं असतं, तर त्यानं हातातल्या सुईनं उत्तरेकडं दाखवलं असतं आणि पुन्हा काजं करायला मान खाली घातली असती. पण सदुसष्टच्या निवडणुकीत त्याच्या दुकानाच्या ओट्यावर जेवढा चीन आला, तेवढा हिमालयातसुद्धा आला नसेल. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशातली गत.

घरचं काय होतं, तर बिरोबाचा माळ. लोहाऱ्यापासून तीन कोसांवर धनगरांची वस्ती, आणि वस्तीची मेंढरं पिढ्यान् पिढ्या त्या माळावर चरायची. आता तिथं कुंपण घालून सरकारी बीजफार्म काढायचं घाटत होतं. त्याची मिसल, म्हणजे सरकारी फाईल, दिल्लीला गेली होती. तुळजापूरच्या गोपाळकृष्ण वकिलांनी अर्जांवर अर्ज करून ती दोन वर्षं रोखून धरली होती. वकीलच दिल्लीत निवडून गेले तर माळ कायमचा वाचेल, असा साधा हिशेब होता.

कम्युनिस्ट पक्ष चौसष्टमध्ये फुटला होता. वकील एका पक्षात राहिले, माणिकप्पा मास्तर दुसऱ्यात गेले. हे दोघं रझाकारांच्या वेळी सरहद्दीवरच्या कॅम्पात एका घोंगडीखाली झोपलेले. महारुद्र तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचा, त्यांच्याच पायथ्याशी झोपायचा. मास्तरांनी त्याला तिथंच अक्षरओळख करून दिली, आणि पुढं वकिलांनी त्याला एका खोट्या खटल्यातून सोडवलं. त्यामुळं पक्ष फुटला तरी याचं मन काही फुटेना. दसऱ्याच्या आधी त्यानं दहा-बारा खेपा घालून दोघांना समोरासमोर बसवलं. उमेदवार वकील, पाठिंबा मास्तरांचा, असं ठरलं. महारुद्राला आभाळ ठेंगणं झालं.

त्याच भरात तो दिवाळीत वस्तीवर गेला. तिथला म्होरक्या हरिबा. त्याच्यादेखत बिरोबाच्या देवळात एकशे अठरा बायाबाप्यांनी बेलभंडारा उचलला. विळ्याशिवाय दुसरीकडं शिक्का मारणार नाही, अशी शपथ महारुद्रानंच त्यांना घातली. उमेदवाराचं नाव त्यानं मुद्दामच घेतलं नाही. नावं विसरतात, खूण विसरत नाहीत, हा त्याचा अनुभव.

संक्रांतीच्या तोंडावर पत्रकाचा मसुदा आला आणि सगळं मुसळ केरात गेलं. मसुद्यात माळ होता, पाण्याची सोय होती, ज्वारीचा भाव होता. शेवटी वकिलांनी एक वाक्य घातलं होतं, की चीननं आपल्या देशावर हल्ला केला आणि त्याचा आम्ही निषेध करतो. मास्तरांनी चष्मा काढून ठेवला.

"हे वाक्य कबूल करायचं होतं, तर मी चौदा महिने तुरुंगात कशापायी काढले?" ते म्हणाले. "बासष्टला मी एवढंच म्हणत होतो, की सरहद्दीचा तंटा बोलून मिटवा. त्याची शिक्षा भोगली. आता तेच वाक्य मी माझ्या हातानं वाटू?"

"आणि ते काढलं, तर मला बाजारात चीनचा हस्तक म्हणतील," वकील म्हणाले. "आताच म्हणतात. माझी सही नसलेल्या पापाचा धनी मी का होऊ?"

दोघांचंही खोटं नव्हतं, हीच तर चीड आणणारी गोष्ट होती. खोटं असतं तर महारुद्रानं एकाला तरी खडसावलं असतं. तीन दिवस ओट्यावर वाद चालला. त्यात रशिया आला, तिबेट आला, दलाई लामा येऊन गेला. माळ काही आला नाही. महारुद्र हात जोडून म्हणाला, की दोघांनी आपापला चीन घरी ठेवा आणि वाक्यच नको. तर दोघंही त्याच्यावरच उखडले. याला तत्त्व कळत नाही, असं दोघांचं एकमत झालं. दसऱ्यानंतर तेवढं एकच एकमत झालं.

चौथ्या दिवशी मास्तरांनी स्वतःचा अर्ज भरला. वकिलांची खूण विळा आणि कणीस, मास्तरांची विळा आणि हातोडा.

मग वस्तीवर दोघंही गेले. वकील जीपमधून, मास्तर सायकलवरून. दोघांनीही सांगितलं, की ती शपथ माझ्याच विळ्याची आहे. पुढं वकिलांनी मेंढरं राखणाऱ्या बायांना लडाख समजावून सांगितला. मास्तरांनी कुण्या गोऱ्या साहेबानं नकाशावर रेघ कशी ओढली, ते काठीनं मातीत काढून दाखवलं. माळाचं नाव दोघांच्याही भाषणात अगदी शेवटी आलं, आणि तोवर माणसं उठून मेंढरांच्या मागं गेली होती.

बाजाराच्या दिवशी हरिबा लोकर घेऊन आला आणि दुकानाच्या ओट्याला टेकला. त्याच सकाळी वकील आणि मास्तर वेगवेगळे येऊन महारुद्राला बजावून गेले होते, आता तुझं तू ठरव. त्याचं डोकं नुसतं भणाणलं होतं.

"रुद्रा, इळं दोन झाल्यात," हरिबा म्हणाला. "आमची शपथ कंच्या इळ्याची?"

"मला इचारू नका, तात्या. दोनी आपलेच हाईत. त्यास्नी लाज न्हाय, तर म्या कशाला एकाचं नाव घिऊ?"

हरिबा थोडा वेळ तसाच उभा राहिला, अजून काही ऐकायचं राहिल्यागत. मग बरं म्हणाला आणि गेला. महारुद्रानं राग मशीनवर काढला. सुई मोडली तेव्हा थांबला.

मतमोजणी उस्मानाबादेत झाली. महारुद्र दोघांच्या मधल्या बाकावर बसला होता. वस्तीच्या केंद्राची पेटी उघडली आणि अधिकाऱ्यानं एक मतपत्रिका वर धरून दाखवली. तिच्यावर दोन शिक्के होते. एक कणसाशेजारच्या विळ्यावर, एक हातोड्याशेजारच्या. कुठं फराटा नाही, शाई सांडलेली नाही. दुसरी तशीच. तिसरी तशीच. अशा एकशे अठरा निघाल्या. मुंबईच्या, म्हणजे विधानसभेच्या, कागदावर विळा एकच होता, तिथं एकही मत वाया गेलं नव्हतं.

तो आकडा महारुद्राच्या ओळखीचा होता. पण त्याच्या दोन्ही बाजूंचे पुढारी उठून उभे राहिले. वकील म्हणाले, माझ्या खुणेवरची शाई गडद आहे, म्हणजे पहिला शिक्का माझा. मास्तर म्हणाले, शाई गडद म्हणजे शिक्का ताजा, तेव्हा तुमचा नंतरचा. बाद मतांवरसुद्धा दोघं अर्धा तास भांडले. अधिकाऱ्यानं दोघांचंही ऐकून घेतलं आणि सगळा गठ्ठा बाद केला.

दोघांची मतं एकत्र केली असती, तर सात हजारांनी जागा आली असती. तिसराच निवडून आला. त्याला भाषणात चीनबद्दल अवाक्षर काढावं लागलं नव्हतं.

चैत्रात माळावर मोजणीवाले आले आणि त्यांनी चुन्याच्या रेघा ओढल्या. महारुद्राला हे कळलं तेव्हा त्याला दुकानात बसवेना. तो सायकल काढून वस्तीवर गेला. हरिबा आणि त्याची बायको धुरपताबाई मेंढरांच्या वाड्याच्या सावलीला मेंढीचे पाय धुवत होते. महारुद्रानं पाणीसुद्धा घेतलं नाही. तो एकदम म्हणाला, की दोन शिक्के मारले की मत बाद होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही, ही माझी चूक.

"आमाला ठावं व्हतं," धुरपताबाई म्हणाली. "तितल्या साहेबानं कागद देतानाच सांगितलं, एकच शिक्का मारा म्हनून. लई येळा सांगितलं."

"मग?"

"मग काय? एका इळ्यावर मारला असता, तर दुसऱ्याची शपथ मोडली असती. बिरोबाम्होरं खोटं कोन पडंल?"

महारुद्र खाली बसला. ही माणसं माळासाठीचं आपलं मत हातानं घालवून आली होती, समजून उमजून, आणि त्याच्यावर रागावलीही नव्हती. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"शपथ घालणाऱ्यानं भंडारा देवाला माघारी वाहिला की मानूस मोकळा व्हतो," हरिबा म्हणाला. "तुला ठावं न्हाय व्हय?"

महारुद्राला ठाऊक होतं. लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्यानं शपथ घातली होती मतांसाठी, आणि मतांचा विचका झाल्यावर तिची आठवणही त्याला राहिली नव्हती.

"बाजारात म्या त्याच्यासाटीच आलतो," हरिबा मेंढीचा पाय सोडत म्हणाला. "एकाचं नाव सांग, असं म्हनत न्हवतो. आमाला सोडव म्हनत व्हतो. मतं टाकायच्या दिशी ऊन डोईवर येईस्तवर समदी वस्ती देवळात बसून व्हती, रुद्रा. तू येशील म्हनून."